छातीत कळ येते? नुसती दुखण्याची गोळी पुरत नाही

छातीत कळ आली की आपल्याकडे आधी 'गॅस धरला' म्हणतात. मग ओवा, सोडा, मेडिकलमधून दुखण्याची गोळी. दुखणे दबते, कारण तसेच राहते. उमरखेडच्या वस्त्यांमध्ये आम्ही घरोघरी सांगतो तेच इथे सांगत आहोत.

हृदयाभोवती दोन पदरांची पातळ पिशवी असते, तिला हृदयावरण म्हणतात. तिला सूज आली की छातीत टोचल्यासारखे दुखते. दीर्घ श्वास घेतला, खोकला आला किंवा उताणे झोपले की कळ वाढते. पुढे वाकून बसले की आराम पडतो. ही खूण ओळखा, पण निदान घरी करू नका. हार्ट अटॅकही असू शकतो. लगेच सरकारी रुग्णालयात जाऊन ईसीजी काढून घ्या.

विषाणूमुळे आलेली सूज डॉक्टरांच्या औषधाने आणि विश्रांतीने बहुधा काही आठवड्यांत उतरते. पण आपल्या देशात या पिशवीत पाणी साचण्याचे एक मोठे कारण क्षयरोग, म्हणजे टीबी आहे. तो हळूहळू येतो. दुखणे कमी असते, खोकला नसूही शकतो. संध्याकाळचा बारीक ताप, रात्री घाम, वजन घटणे, चालताना दम, पायांवर सूज ही त्याची लक्षणे. पाणी फार साचले की हृदय दाबले जाते. दम कोंडला, चक्कर आली तर थांबू नका, १०८ ला फोन करा. सुईने पाणी काढून जीव वाचवता येतो.

पिशवीतले पाणी इको तपासणीत दिसते. त्यासाठी नांदेड किंवा यवतमाळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात पाठवले, तर मजुरी बुडते म्हणून टाळू नका.

टीबीचे औषध साधारण ६ महिने चालते आणि सरकारी केंद्रात मोफत मिळते. निक्षय पोषण योजनेतून आहारासाठी नोव्हेंबर २०२४ पासून महिन्याला १,००० रुपये बँक खात्यात येतात. नोंदणी झाली का, ते विचारा. औषधाने लघवी लालसर होते, घाबरू नका. बरे वाटले म्हणून गोळ्या मध्येच सोडल्या तर आजार उलटतो. पिशवी जाड, कडक होऊन हृदय आवळू लागली, तर ऑपरेशनची वेळ येते. ऊसतोडीला किंवा कामाला बाहेरगावी जायचे असेल तर आधी केंद्रात सांगा. औषध तिथे सुरू ठेवता येते. घरातल्या इतरांचीही तपासणी करून घ्या.

विहारात जमाल तेव्हा शेजारच्या मायबहिणींनाही हे सांगा.