विश्लेषण : वाफेच्या इंजिनाची डोंगरसफर कुठे उरली? सातपुड्यातली ‘छोटी गाडी’ का वाचली नाही?

मोहाडी-तुमसर भागात साठी ओलांडलेल्या कुणाहीपुढे ‘छोटी गाडी’ म्हणून बघा, गोष्ट गोंदियाच्या फलाटावर पोहोचते. वरठीहून नाहीतर देव्हाडीहून मोठ्या लाईनची गाडी धरायची, गोंदियाला उतरायचे आणि अरुंद रुळांवर उभ्या असलेल्या गाडीत जागा पकडायची. पुढे बालाघाट, नैनपूर, जबलपूर. कुणी लग्नाला, कुणी मजुरीला, कुणी नर्मदेवर. वैनगंगा ज्या डोंगरातून आपल्याकडे उतरते, त्याच डोंगरात ही गाडी धूर सोडत चढायची. तिला कुणी ‘सफर’ म्हणत नसे. आज तशा प्रवासासाठी लोक विमानाने निलगिरीला आणि दार्जिलिंगला जातात, महिनाभर आधी तिकीट काढतात. आपल्या उंबऱ्यावरची गाडी मात्र गेली. ती का गेली, आणि खरे वाफेचे इंजिन आता कुठे भेटते?

ही छोटी गाडी होती तरी कुठून कुठे?

नागपूर ते राजनांदगाव हा मार्ग १८८० च्या दशकाच्या सुरुवातीला मीटरगेजवर टाकला गेला. १८८७ मध्ये बंगाल नागपूर रेल्वे कंपनी स्थापन झाली, तिने तो हाती घेऊन ब्रॉडगेज केला. वरठीचे भंडारा रोड आणि देव्हाडीचे तुमसर रोड ही आपली स्थानके याच मार्गावरची. कंपनीने मग उत्तरेच्या डोंगराकडे तोंड वळवले आणि १९०३ ते १९०५ या काळात गोंदियाहून नैनपूरमार्गे जबलपूरपर्यंत नॅरोगेज नेली. दोन रुळांत अंतर अडीच फूट, म्हणजे ७६२ मिलिमीटर. नैनपूरहून एक फाटा मंडल्याकडे गेला, एक छिंदवाड्याकडे. छिंदवाड्याहून घाट उतरून सौंसर, सावनेरमार्गे नागपूर. दक्षिणेला गोंदियाहून अर्जुनी, वडसा, ब्रह्मपुरी, नागभीड करत चांदा फोर्ट. गोंदिया आणि नागपूर ही या जाळ्याची आपल्या बाजूची दोन दारे.

या मार्गांसाठी ग्लासगोच्या नॉर्थ ब्रिटिश कारखान्याने १९०६ ते १९०८ दरम्यान ‘सीसी’ वर्गाची इंजिने बनवली. पुढे चार लहान चाके, मध्ये ओढणारी सहा, मागे दोन. अडीच फुटांच्या रुळावर हे यंत्र चांगलेच भारदस्त दिसे.

डोंगरात अरुंद रूळच का?

पैसा आणि वळणे, ही दोनच कारणे. अरुंद गाडी तीव्र वळण घेऊ शकते. म्हणून डोंगर फोडण्याऐवजी त्याच्या कडेकडेने जाता येते, बोगदे कमी लागतात, पूल हलके चालतात. गाडी हळू जाते, फेरा मोठा पडतो. पण त्या काळी स्पर्धा बैलगाडीशी होती. आज जो ‘निसर्गरम्य मार्ग’ म्हणून विकला जातो, तो मुळात काटकसरीतून वाकडातिकडा झालेला मार्ग आहे.

वाफेचे इंजिन चढ चढते कसे?

पाण्याची वाफ झाली की ती साध्या हवेच्या दाबाला सुमारे १,७०० पट जागा मागते. बॉयलर तिला ती जागा देत नाही. कोंडलेली वाफ सिलिंडरमधला दट्ट्या ढकलते, दट्ट्याला जोडलेला दांडा चाक फिरवतो. वापरलेली वाफ धुराड्यातून झटक्याने बाहेर पडते, तोच आपला ‘झुकझुक’ आवाज. ती जाताना भट्टीतली हवा ओढून घेते, त्यामुळे विस्तव फुलतो. म्हणजे इंजिनाने जितका जोर लावला, तितकी भट्टी आपोआप पेटते. हे पाहिले की दोनशे वर्षांपूर्वीच्या कारागिरांना हात जोडावेसे वाटतात.

खरी कसोटी चढावर लागते. पोलादी चाक पोलादी रुळावर घसरते, विशेषतः दव पडलेले असले किंवा पाने चिरडलेली असली की. त्यासाठी रुळावर वाळू सोडतात. दार्जिलिंगला आजही इंजिनाच्या पुढच्या टोकावर माणसे बसतात आणि हाताने वाळू टाकतात.

दुसरी अडचण बाहेरून दिसत नाही. इंजिन तिरपे झाले की बॉयलरमधले पाणीही तिरपे होते. भट्टीच्या छतावर कायम पाणी हवे. ते उघडे पडले तर लोखंड लालबुंद होऊन मऊ पडते आणि वरचा दाब ते फोडून आत घुसतो. धुराडे पुढे ठेवून चढताना पाणी भट्टीकडे सरकते, तोवर ठीक. माथा ओलांडून उतार लागला की तेच पाणी पुढे धावते. म्हणून घाटातला फायरमन फक्त कोळसा टाकत नाही. पुढचे वळण आणि पुढचा चढ-उतार मनात धरून, काचेच्या नळीत पाण्याची पातळी बघत, पाणी आधीच भरून ठेवतो. छतात सहज वितळणाऱ्या धातूचा गाभा असलेला एक बोल्टही असतो. पाणी कमी झालेच तर तो वितळतो आणि वाफ भट्टीत सुटून धोक्याची सूचना देते. पण तिथवर वेळ येऊ न देणे ही त्या माणसाची विद्या. ती पुस्तकात कमी आणि त्या त्या घाटात जास्त शिकली जाते.

इंजिन जपणे एकवेळ सोपे, ते चालवणारे हात जपणे अवघड. सातपुड्याच्या बाबतीत नेमके तेच झाले नाही.

मग छोटी गाडी बंद का केली?

लोकांनाच मोठी लाईन हवी होती, हे आधी मान्य करू. बालाघाट, मंडला, छिंदवाडा या जिल्ह्यांतल्या माणसाला गाडी बदलल्याशिवाय नागपूर, रायपूर, दिल्ली गाठायची होती. मालाचा तर दोनदा उपसा. नॅरोगेजच्या डब्यातला माल गोंदियाला उतरवून ब्रॉडगेजच्या डब्यात भरावा लागे. शिवाय जबलपूर-गोंदिया-बल्लारशा हा उत्तरेकडून दक्षिणेकडे जाण्याचा जवळचा मार्ग. त्याच्या अर्ध्या वाटेत अडीच फुटांचे रूळ ठेवणे कुणाला परवडले असते?

गोंदिया-चांदा फोर्ट बाजू नव्वदच्या दशकात रुंद झाली. डिझेल तोवर आलेच होते. चित्तरंजनच्या कारखान्याने वाफेची इंजिने बनवणे १९७२ मध्येच थांबवले होते, त्यामुळे नवीन इंजिन मिळणार नव्हते आणि जुने थकले होते. जबलपूर-नैनपूर-बालाघाट आणि नागपूर-छिंदवाडा हे पट्टे २०१५ च्या उत्तरार्धात बंद पडले. नागपूर-नागभीडची गाडी सर्वांत शेवटी, नोव्हेंबर २०१९ मध्ये थांबली. या प्रदेशातली वाफ त्याच्या कितीतरी आधी विझली होती.

विदर्भात वाफ दीर्घकाळ टिकली ती आणखी एका ठिकाणी, यवतमाळ-मूर्तिजापूर-अचलपूरच्या ‘शकुंतले’वर. मँचेस्टरला १९२१ मध्ये बनलेल्या इंजिनाने ती सत्तर वर्षे ओढली आणि १५ एप्रिल १९९४ ला डिझेलच्या हाती दिली. पण तो मार्ग सपाटीचा, कापसाचा. डोंगराची गाडी म्हणजे सातपुड्याचीच.

एखादा तुकडा राखता आला असता का?

माझ्या मते, आला असता. सगळा मार्ग कुणीच मागत नव्हते. छिंदवाडा ते सौंसर दरम्यान भिमालगोंदी-भंडारकुंडच्या आसपासचा घाट, दहा-पंधरा किलोमीटर, दोन स्थानके, एक शेड. एवढे पुरले असते.

ही हवेतली गोष्ट नाही. त्याच मध्य प्रदेशात, इंदूरजवळ, महू-खांडवा मीटरगेज मार्ग रुंद करायची वेळ आली तेव्हा पातालपानी ते कालाकुंड हा सुमारे दहा किलोमीटरचा घाट बाजूला काढून ठेवला गेला आणि २५ डिसेंबर २०१८ पासून त्यावर हेरिटेज गाडी सुरू झाली. इंजिन डिझेलचे आहे, पण रूळ, बोगदे आणि दरी तीच. पावसाळ्यात तिथे गर्दी असते.

याहून मोठे उदाहरण अमेरिकेतले. कोलोरॅडो आणि न्यू मेक्सिको या दोन राज्यांच्या सीमेवरचा एक अरुंद डोंगरी मार्ग रेल्वे कंपनीने सोडून दिला. १९७० मध्ये दोन्ही राज्यांनी मिळून त्याचा ६४ मैलांचा तुकडा, इंजिने, डबे आणि शेडसह विकत घेतला. आज ‘कंब्रेस अँड टोलटेक’ या नावाने तिथे वाफेची इंजिने दहा हजार फुटांवरची खिंड चढतात आणि चामा, अँटोनिटोसारखी लहान गावे त्यावर हंगाम काढतात. आपलाही घाट दोन राज्यांच्या सीमेलगतचाच होता. दोन्ही सरकारांनी एका टेबलावर बसायला हवे होते, तेवढेच.

नागपुरात मोतीबागेला नॅरोगेज रेल्वे संग्रहालय आहे, १४ डिसेंबर २००२ ला ते सुरू झाले. बंगाल नागपूर रेल्वेच्या काळातले वाफेचे इंजिन तिथे उभे आहे. पोरांना घेऊन जरूर जा. पण ते थंड आहे. त्याच्या भट्टीत हात घातला तर फक्त गंज लागतो.

माथेरानला तर वाफेची गाडी दिसते?

दिसते, असत नाही. नेरळ-माथेरान मार्ग अब्दुल हुसेन आदमजी पीरभॉय यांनी बांधला आणि तो १९०७ मध्ये सुरू झाला. रूळ दोन फुटी, सुमारे २१ किलोमीटर, चढ वीसला एक. तिथल्या तीव्र वळणांसाठी बार्शी लाईट रेल्वेचे जनक एव्हरार्ड कॅलथ्रॉप यांनी खास इंजिने आखली, ती जर्मनीत बनली. १९५५ पासून डिझेल येऊ लागले आणि १९८२ पर्यंत वाफ संपली. अलीकडे मध्य रेल्वेने परळच्या कारखान्यात एका डिझेल इंजिनाला जुन्या वाफेच्या इंजिनाचे रूप दिले. फोटो छान येतात. रोजच्या गाडीला डिझेलच बरे, याबद्दल वाद नाही. पण मुलांना ‘हे बघ वाफेचे इंजिन’ म्हणून सांगू नये, एवढेच.

खरी वाफ मग कुठे?

रोज, नियमाने, डोंगरात चालणारी मुख्यतः दोन ठिकाणी. कालका-शिमला मार्गावरही १९०५ च्या सुमाराचे एक इंजिन कधीमधी खास फेरीला काढतात, पण त्याच्या भरवशावर तिकीट काढू नका.

दार्जिलिंगचा मार्ग १८८१ चा, दोन फुटी. तिथली ‘बी’ वर्गाची छोटी निळी इंजिने १८८९ पासूनच्या रचनेची. न्यू जलपायगुडीपासून अख्खा प्रवास डिझेलने होतो. वाफेची मजा दार्जिलिंग ते घूम या दोनेक तासांच्या जॉयराइडमध्ये. वाटेत बतासिया लूप, शेवटी २,२५८ मीटरवरचे घूम स्थानक. दुकानांच्या पायऱ्यांना घासत जाणारी गाडी जगात फार नाहीत.

पण एकच सफर करायची असेल तर निलगिरी. ‘छैया छैया’ गाण्यातली तीच गाडी. मेट्टुपालयम ३२६ मीटरवर, उटी २,२०३ मीटरवर, मध्ये ४६ किलोमीटर मीटरगेज, १६ बोगदे, अडीचशे पूल. कल्लारपासून कुन्नूरपर्यंत चढ इतका की सुमारे बारा मीटर पुढे गेले की गाडी एक मीटर वर. इथे वाळू पुरत नाही. म्हणून दोन रुळांच्या मध्ये दातेरी पट्ट्या बसवल्या आहेत. इंजिनाखालचे दातेरी चाक त्यांत अडकत अडकत गाडी वर ढकलते. होय, ढकलते, इंजिन मागे असते. इंजिनाला चार सिलिंडर : दोन साध्या चाकांसाठी, दोन दातेरी चाकांसाठी. दातेरी भाग लागला की आवाजाचा ताल बदलतो, डोळे मिटूनही कळतो. वेग ताशी दहा किलोमीटरच्या आसपास. हिलग्रोव्हसारख्या ठिकाणी इंजिन पाणी प्यायला थांबते तेव्हा सगळे प्रवासी खाली उतरतात आणि ड्रायव्हरभोवती गोळा होतात.

तमिळनाडूने ही विद्या मरू दिली नाही. जुनी स्विस इंजिने थकल्यावर तिरुचिरापल्लीच्या गोल्डन रॉक कारखान्याने नवी वाफेची इंजिने बनवली. एकविसाव्या शतकात, सरकारी कारखान्यात. युनेस्कोचा वारसा दर्जा दार्जिलिंगला १९९९ मध्ये मिळाला, निलगिरीला २००५ मध्ये.

जायचे असेल तर?

नागपूरहून चेन्नई, तिथून रात्रीची निलगिरी एक्स्प्रेस सकाळी मेट्टुपालयमला पोहोचवते. डोंगरातली गाडी सकाळी सातच्या पुढे निघते आणि दुपारी उटीला लागते. वाफ कुन्नूरपर्यंतच, पुढे डिझेल जोडतात; म्हणून ‘कुन्नूर ते उटी’ एवढेच स्वस्तात मिळते म्हणून घेऊ नका, हुकाल. आरक्षण उघडताच करा, जागा मोजक्या असतात. इंजिन मागे असल्याने पहिल्या डब्यातून समोरची दरी मोकळी दिसते आणि धूर कमी लागतो. मागच्या डब्यात इंजिनाचा आवाज छातीत बसतो. दोन्हीची मजा वेगळी. पांढरा सदरा नको. चष्मा असला तर घाला, खिडकीतून डोके काढले की काजळी डोळ्यात जातेच. ऑक्टोबर ते डिसेंबर तिकडचा परतीचा पाऊस असतो, दरडी कोसळून कल्लार-कुन्नूर पट्टा काही दिवस बंद राहतो. तेव्हा जानेवारीनंतरची तारीख धरा आणि निघण्याच्या आदल्या दिवशी गाडी चालू आहे ना, ते पाहून घ्या.