लहान आतड्यातला मेलॅनोमा: तिथलाच की आलेला?

आजचा विषय वैद्यकातला, आणि मी शिक्षक तत्त्वज्ञानाचा. पण लहान आतड्यातल्या प्राथमिक मेलॅनोमाचं निदान एका जुन्या तात्त्विक प्रश्नाशी येऊन अडतं: एखादी गोष्ट ‘नाही’ हे सिद्ध कसं करायचं?

मेलॅनोमा हा रंगद्रव्य तयार करणाऱ्या पेशींचा कर्करोग. बहुधा त्वचेत सुरू होतो, कधी डोळ्यात. आतड्यात सापडला, तर बहुतेक वेळा तो दुसरीकडून पसरत आलेला असतो. तिथेच उगम पावलेला, म्हणजे ‘प्राथमिक’, फार दुर्मिळ.

मुळात तो सापडणंच कठीण. पोट दुखतं, थकवा येतो, शौचाला काळं होतं, हिमोग्लोबिन उतरतं. लोहाच्या गोळ्या सुरू होतात. रक्त जातंय कुठून, हे बघायचं राहून जातं. नेहमीची एंडोस्कोपी वरून जठरापर्यंत आणि थोडी पुढे जाते, कोलोनोस्कोपी खालून मोठं आतडं दाखवते. मधलं कित्येक मीटर लांबीचं आतडं तसंच राहतं. तिथे सीटी स्कॅन लागतो, किंवा गिळायची कॅमेरा-कॅप्सूल. गाठ काळी असेलच असंही नाही. एस-१००, एचएमबी-४५ अशा चाचण्यांनी पेशींची ओळख पटवावी लागते.

मग त्वचा, डोळे, सगळं शरीर तपासायचं. काहीच सापडलं नाही, तर? भाट्ट मीमांसक ‘अनुपलब्धी’ला प्रमाण मानतात, पण एका अटीवर: वस्तू असती तर दिसलीच असती, अशी स्थिती हवी. उजेडात जमिनीवर घडा दिसला नाही, तर तो नाही. अंधारात दिसला नाही, तर काहीच ठरत नाही. इथे गोची अशी, की त्वचेवरचा मूळ मेलॅनोमा कधीकधी आपोआप विरून जातो. आधीच पसरलेल्या पेशी मात्र उरतात. म्हणून १९९९ मध्ये सुचवलेल्या निकषांत एकच गाठ, जवळच्या लसीका ग्रंथी सोडून इतरत्र रोग नाही, एवढ्यावर भागत नाही. निदानानंतर किमान १२ महिने रोगमुक्त जायला हवेत. काळालाच साक्षीला बोलावलंय!

उपचार अर्थातच थांबत नाहीत. गाठ काढण्याजोगी असेल, तर आतड्याचा तो भाग जवळच्या लसीका ग्रंथींसह काढतात. निवोलुमॅब, पेम्ब्रोलिझुमॅब ही औषधं प्रतिकारशक्तीला लागलेला ब्रेक सोडवतात. बीआरएएफ जनुकात ठरावीक बदल असेल, तर त्यावरच्या गोळ्या असतात.

तेव्हा अहवालात ‘प्राथमिक’ लिहिलं, तरी त्वचेची आणि डोळ्यांची तपासणी सोडू नका. वीस वर्षांपूर्वी एखादा तीळ काढला असेल, तर डॉक्टरांना आवर्जून सांगा. त्यांनी न विचारताही सांगा.