उसना घेतलेला रस्ता : हैदराबादच्या विजेवरच्या शर्यतीतून काय कळलं

(व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे. शेवटी श्रोत्यांचे दोन प्रश्न आणि त्यांची उत्तरं.)

आजचा विषय वाचून काहींना वाटलं असेल, मोटारींच्या शर्यतीशी आपला काय संबंध? मलाही शर्यतींचं वेड नाही, हे आधीच सांगून टाकतो. आजचं बोलणं दोन गोष्टींबद्दल आहे. एक, विजेची गाडी ब्रेक मारताना काय करते. आणि दोन, शहर आपला रस्ता चार दिवसांसाठी कुणाला देतं, तेव्हा नेमकं काय देतं. या दोन्ही गोष्टी मला एकाच ठिकाणी, एकाच दिवशी बघायला मिळाल्या, म्हणून त्या एकत्र सांगतो.

तो दिवस म्हणजे ११ फेब्रुवारी २०२३, शनिवार. जागा, हैदराबादच्या हुसेनसागर तलावाचा काठ. फॉर्म्युला ई ही फक्त विजेवरच्या गाड्यांची जागतिक स्पर्धा आहे, आणि तिची भारतातली पहिली शर्यत त्या दिवशी झाली. हैदराबाद काही आपल्याला परकं नाही. १९४८ पर्यंत आपला मराठवाडा त्याच संस्थानात होता. पण त्या दिवशीचं हैदराबाद मात्र ओळखू येत नव्हतं.

तिथे पोचणं

ज्यांनी हुसेनसागर पाहिलाय त्यांनी नकाशा डोळ्यांपुढे आणा. तलावात मध्यभागी बुद्धाचा उभा पुतळा. एका काठाला लुंबिनी पार्क, एन. टी. आर. मार्ग, एन. टी. आर. गार्डन आणि समोर सचिवालयाची नवी इमारत. तिचं उद्घाटन तेव्हा व्हायचं होतं. एरवी या रस्त्यावर बस, रिक्षा, संध्याकाळी फिरायला आलेली कुटुंबं, भेळवाले. त्या आठवड्यात तिथे दोन्ही बाजूंना काँक्रीटचे ठोकळे आणि त्यांच्यावर उंच जाळी. हाच ट्रॅक. सुमारे २.८ किलोमीटर लांब, १८ वळणं.

मी ज्या रिक्षानं गेलो, त्या रिक्षावाल्याला बराच मोठा वळसा घालावा लागला. तो त्याच्या दखनीत म्हणाला, "रोड अपनाच है, पन घूमकेच जाना पडरा." हा 'च' आपला मराठीतला बरं का, दखनीनं तो जवळ ठेवलाय. त्याचं हे वाक्य लक्षात ठेवा, शेवटी आपल्याला त्याकडे परत यायचंय.

जागेवर बसल्यावर पहिला धक्का असा, की आपल्याला शर्यत दिसतच नाही. दिसतं ते आपल्या समोरचं एक वळण. क्रिकेटचं मैदान एका नजरेत मावतं, इथे तसं नाही. गाड्या येतात, चार-पाच सेकंदांत जातात, मग मिनिटभर वाट बघायची आणि मोठ्या पडद्यावर बाकीचं पाहायचं. म्हणून कधी अशा शर्यतीला गेलात, तर जागा लांब सरळ रस्त्यावरची घेऊ नका. सरळ रस्ता संपून जिथे तीव्र वळण लागतं, तिथली घ्या. का, ते आता सांगतो.

दुसरा धक्का आवाजाचा. पेट्रोलच्या शर्यतीच्या गाडीचा आवाज छातीत जाणवतो. इथे उंच पट्टीतली एक शीळ ऐकू येते, त्यात टायरचा खरखराट आणि वाऱ्याचा झोत. शेजारच्या माणसाशी नेहमीच्या आवाजात बोलता येतं. आणि म्हणूनच ही शर्यत शहराच्या मध्यात येऊ शकते. भारतात फॉर्म्युला वन २०११ ते २०१३ अशी तीन वर्षं झाली, ती ग्रेटर नोएडाला खास बांधलेल्या ट्रॅकवर, वस्तीपासून दूर. फॉर्म्युला ईनं सुरुवातीपासून उलटा मार्ग धरला. सप्टेंबर २०१४ मधली पहिली शर्यत बीजिंगमध्ये ऑलिंपिक पार्कभोवतीच्या रस्त्यांवर झाली. पुढे पॅरिस, रोम, न्यूयॉर्क. विचार असा, की धूर नाही आणि आवाज कमी, तर लोकांना ट्रॅककडे बोलावण्याऐवजी ट्रॅकच लोकांकडे न्यायचा.

आठ मिनिटांची वीज

आता गणित. घाबरू नका, दुकानातल्या हिशेबाइतकंच सोपं आहे.

त्या वर्षीच्या गाडीत शर्यतीसाठी वापरता येणारी ऊर्जा होती सुमारे ३८.५ युनिट. युनिट म्हणजे तेच, जे आपल्या वीजबिलात असतं. घरात रोज सात-आठ युनिट लागत असतील, तर पाच दिवसांची वीज. आणि शर्यतीत मोटरला एरवी ३०० किलोवॅट शक्ती वापरायची परवानगी. ३८.५ भागिले ३००. उत्तर येतं साधारण ०.१३ तास, म्हणजे आठ मिनिटंसुद्धा नाहीत. चालकानं पाय दाबूनच ठेवला, तर आठव्या मिनिटाला गाडी रस्त्यात उभी. आणि शर्यत चालते पाऊण तासाच्या आसपास!

मग ती पूर्ण होते कशी? उत्तर ब्रेकमध्ये आहे.

आपल्या नेहमीच्या गाडीत ब्रेक दाबला की चकती आणि पॅड घासतात, गाडीचा वेग उष्णतेत जातो आणि ती उष्णता हवेत. म्हणजे पेट्रोलचे पैसे देऊन मिळवलेला वेग आपण प्रत्येक सिग्नलला फेकून देतो. विजेच्या गाडीत मोटर उलटी वापरता येते. चाकं मोटरला फिरवतात, मोटर त्या वेळी जनित्र बनते, आणि तयार झालेली वीज बॅटरीत परत जाते. सायकलचा जुना डायनॅमो आठवा. तो चाकाला लावला की पायडल जड व्हायचं. तो जडपणा म्हणजेच ब्रेक, आणि दिवा लागायचा ती म्हणजे परत मिळालेली वीज.

या गाडीचं वजन चालकासह किमान ८४० किलो. ती ताशी २०० किलोमीटरवरून ६० वर आली, तर तिच्या गतीतली जवळजवळ एक तृतीयांश युनिट ऊर्जा सुटते. काही वाऱ्याशी झगडण्यात जाते, काही यंत्रात हरवते, पण बराच भाग परत घेता येतो. या पिढीच्या गाडीत पुढच्या चाकांना एक वेगळी मोटर दिली, तेव्हा तिचं काम गाडी ओढणं नव्हतं, फक्त ब्रेकच्या वेळी वीज गोळा करणं. पुढची-मागची मिळून ६०० किलोवॅटपर्यंत वीज परत घेता येते. म्हणजे गंमत बघा. ही गाडी पळताना जेवढ्या वेगानं वीज खर्च करते, त्याच्या दुप्पट वेगानं थांबताना ती गोळा करू शकते. संयोजकांच्या म्हणण्यानुसार शर्यतीत वापरल्या जाणाऱ्या ऊर्जेपैकी सुमारे ४० टक्के ऊर्जा अशी ब्रेकमधून आलेली असते.

म्हणून सांगितलं, वळणापाशी बसा. शर्यत तिथे चालते. आणि म्हणूनच शहरातले वेडेवाकडे रस्ते या गाडीला अडचण न होता कामाला येतात. जिथे वारंवार थांबावं लागतं, तिथे वारंवार परतफेड होते. आपल्या शहरातल्या विजेच्या बस आणि रिक्षा यांचंही तत्त्व हेच. सिग्नलला सिग्नल लागणारा रस्ता पेट्रोलच्या गाडीला सगळ्यात महाग, विजेच्या गाडीला तितका नाही.

ही प्रगती किती झपाट्यानं झाली, ते एका गोष्टीवरून कळेल. पहिली चार वर्षं या स्पर्धेत बॅटरी अर्ध्या शर्यतीतच संपायची. मग चालक आत येई, गाडीतून उतरे, दुसऱ्या भरलेल्या गाडीत उडी मारून बसे आणि निघे. टांग्याचे घोडे बदलावेत तसं! २०१८ च्या अखेरीस नवी गाडी आली आणि हा प्रकार थांबला.

पुढे असणाऱ्याचा तोटा

हैदराबादची शर्यत जिंकली फ्रान्सच्या ज्याँ-एरिक व्हर्ननं. शेवटच्या फेऱ्यांत तो पुढे आणि न्यूझीलंडचा निक कॅसिडी अगदी पाठीला चिकटलेला. व्हर्नकडे कॅसिडीपेक्षा कमी ऊर्जा शिल्लक होती. असं का होतं? पुढचा माणूस वारा कापतो, मागचा त्याच्या आडोशानं कमी खर्चात येतो. सायकलवाल्यांना हे पक्कं माहीत असतं. त्यामुळे या शर्यतीत सतत पुढे राहणं शहाणपणाचं नसतं. व्हर्ननं शेवटी वळणांवर जागा अडवून, वीज पुरवून पुरवून, कॅसिडीला मागेच ठेवलं.

तिसरा आलेला सेबास्तियन ब्वेमी याला नंतर वेळेचा दंड झाला. कारण, ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त शक्ती वापरली. तिसरा क्रमांक अंतोनियो फेलिक्स दा कोस्टाला गेला. इथे नुसतं जोरात पळून चालत नाही. किती वीज घेतली याची नोंद ठेवली जाते.

आपल्याकडच्या महिंद्राचा संघ या स्पर्धेत २०१४ च्या पहिल्या शर्यतीपासून आहे. त्यामुळे त्यांच्यासाठी ही घरची शर्यत होती आणि स्टँडमध्ये त्यांच्या लाल रंगाला टाळ्या होत्या.

रस्ता तयार करायचा म्हणजे काय

आता दुसरा भाग, रस्त्याचा. आपल्या नेहमीच्या रस्त्यावर ताशी दोनशेच्या वेगानं गाडी सोडायची, तर काय काय करावं लागतं? गतिरोधक काढा. दुभाजक जिथे आड येतो तिथे हटवा. डांबर नवं घाला, कारण आपल्याला न जाणवणारा उंचवटा त्या वेगाला गाडी उडवतो. आणि चेंबरची झाकणं पक्की करा. ही साधी वाटणारी गोष्ट किती महत्त्वाची, ते त्याच वर्षी नोव्हेंबरात लास व्हेगासला दिसलं. फॉर्म्युला वनच्या सरावात रस्त्यातलं एक झाकण सैल झालं आणि फेरारीची गाडी त्यावर आदळून तिचा खालचा भाग फुटला. मग काँक्रीटचे ठोकळे, जाळी, स्टँड, पादचाऱ्यांसाठी तात्पुरते पूल. आणि शर्यत संपली की यातलं बहुतेक सगळं उचलून न्यायचं.

म्हणजे तासाभराच्या शर्यतीसाठी कित्येक दिवस वाहतुकीची ओढाताण. यातलं मागे काय उरतं? नवं डांबर उरतं. शहराचं नाव जगात दिसतं, हॉटेलं भरतात. हे फायदे खोटे नाहीत. पण दरवर्षी शर्यत होणार असेल, तरच सुरुवातीचा खर्च अंगावर येत नाही. आणि हैदराबादला नेमकं तिथेच अडलं. करार काही वर्षांचा होता, दुसरी शर्यत फेब्रुवारी २०२४ ला ठरलेली. मधे निवडणूक झाली, सरकार बदललं, आणि जानेवारी २०२४ मध्ये शर्यत रद्द झाली. पुढे खर्चावरून चौकशी आणि कोर्टकचेरी सुरू झाली, त्यात मी शिरत नाही.

हे फक्त आपल्याकडेच होतं असं समजू नका. कॅनडात माँट्रियल शहरात २०१७ ला ही शर्यत झाली. त्याच वर्षी महापौर बदलल्या आणि पुढच्या शर्यती रद्द. लंडनमध्ये बॅटरसी पार्क या सार्वजनिक बागेत २०१५ आणि २०१६ ला झाली. बाग इतके दिवस बंद का, म्हणून रहिवाशांनी विरोध केला आणि शर्यतीला ती जागा सोडावी लागली. तिन्ही ठिकाणी गाडीत दोष नव्हता. प्रश्न एकच होता, रस्ता किंवा बाग कुणाची, आणि ती द्यायची की नाही हे कुणाला विचारून ठरवलं.

म्हणून उद्या आपल्या गावात असा प्रस्ताव आला, तर 'विकास की उधळपट्टी' असा वाद घालण्याआधी तीन साधे प्रश्न विचारा. रस्ता एकूण किती दिवस अडणार, फक्त शर्यतीचे नव्हे, बांधणी आणि मोडणी धरून? खर्च कुणाच्या खिशातून, आणि सभागृहात त्यावर उघड चर्चा झाली का? शर्यत गेल्यावर रोजच्या माणसाला काय उरणार? ही उत्तरं आधी मिळाली, तर सरकार बदललं तरी करार टिकण्याची शक्यता वाढते, आणि नसतील मिळत, तर तो प्रस्ताव आधीच थांबलेला बरा.

तो रिक्षावाला शर्यतीच्या विरोधात नव्हता, बरं का. त्याच्या मुलाला गाड्या बघायच्या होत्या, असं तो सांगत होता. त्याचं म्हणणं एवढंच, की रस्ता आपला असेल तर वळसा का, हे कुणीतरी सांगायला हवं होतं.

श्रोत्यांचे प्रश्न

प्रश्न : सर, शेवटी शर्यतीच्या गाडीतलं तंत्र आपल्या गाडीत येतं का, की ती नुसती जाहिरात?

उत्तर : ताई, दोन्ही. मोटर नियंत्रित करणारी इलेक्ट्रॉनिक्स, बॅटरी थंड ठेवणं, ब्रेकमधली वीज परत घेणं, हे प्रश्न दोन्हीकडे सारखेच आहेत, म्हणून कंपन्या तिथे पैसा घालतात. पण विजेच्या कोणत्याही गाडीत ब्रेकची वीज परत घेता येते, ती काही या शर्यतीनं शोधलेली गोष्ट नाही. शर्यतीचा उपयोग असा, की ते तंत्र घाईत आणि सगळ्यांसमोर तपासलं जातं.

प्रश्न : आता ही शर्यत शहरातच होते का?

उत्तर : पूर्वीइतकी नाही. गाड्या वेगवान झाल्या, अरुंद रस्ते अपुरे पडू लागले. २०२३ मध्ये रोमच्या रस्त्यांवर अनेक गाड्यांचा मोठा अपघात झाला, आणि पुढच्या वर्षी इटलीतली शर्यत मिसानोच्या कायमच्या ट्रॅकवर गेली. शांघायलाही कायमच्याच ट्रॅकवर होते. त्यामुळे शहराच्या मध्यात ही शर्यत बघायची संधी कमी होत चालली आहे. कुठे मिळाली तर जरूर जा. मेट्रोनं जा, पाण्याची बाटली ठेवा, आणि वळणापाशी बसा.