पायदुखी : तक्रार एक, कारणे अनेक

आषाढी वारीत ज्ञानेश्वर महाराजांची पालखी नीरा ओलांडून सातारा जिल्ह्यात प्रवेश करते आणि लोणंद, तरडगाव, फलटण, बरड असे मुक्काम करीत पुढे जाते. या वाटेवर फोड, भेगा आणि मुरगळलेले घोटे यांवर जागच्या जागी उपचार होतात. कारण डोळ्यांना दिसत असते. घरी राहूनही महिनोन्‌महिने टिकणाऱ्या पायदुखीचे तसे नाही. फळ्यापुढे दिवसभर उभे राहणारे शिक्षक, वाळवा-कराड भागातील ऊसतोड कामगार, सैन्यभरतीसाठी पहाटे डांबरी रस्त्यावर धावणारा तरुण, हे सर्व ‘पाय दुखतो’ एवढेच सांगतात. परंतु प्रत्येकाचा विकार निराळा असू शकतो.

टाचदुखी ही त्यांतील सर्वांत नित्याची तक्रार होय. सकाळी अंथरुणातून उठून टाकलेले पहिले पाऊल असह्य व्हावे, थोडे चालल्यावर आराम वाटावा आणि फार वेळ उभे राहिल्यावर पुन्हा ठणका लागावा, असे असल्यास टाचेपासून बोटांपर्यंत गेलेला तळव्याचा जाड पडदा दुखावलेला असण्याचा संभव अधिक. क्ष-किरण चित्रात टाचेला काटा दिसला की ‘हाड वाढले’ असे सांगण्याची रीत पडली आहे. वस्तुतः असा काटा टाच मुळीच न दुखणाऱ्या पुष्कळांतही आढळतो. पोटरी व तळवा ताणण्याचे व्यायाम, मऊ तळाची पादत्राणे आणि धीर यांनी बहुतेक रुग्ण वर्षभरात बरे होतात. टाचेत वारंवार इंजेक्शने घेणे मात्र अपायकारक ठरू शकते.

साताऱ्याजवळील अपशिंगे मिलिटरीसारख्या गावांतून सैन्यात जाण्याची परंपरा आहे. भरतीच्या तयारीत धावण्याचे अंतर एकाएकी वाढविल्याने चवड्याच्या लांब हाडांना बारीक चीर पडते. ही चीर पहिले दोन-तीन आठवडे क्ष-किरण चित्रात दिसेलच असे नाही. चित्र निर्दोष आले म्हणून मुलगा पुन्हा धावू लागतो आणि हाड पुरते मोडते. बोटाने दाबताच हाडावर एकाच ठिकाणी कळ येत असेल, तर त्या खुणेला अधिक मान द्यावा. अंगठ्याचे मूळ रात्रीतून लाल होऊन सुजले, तर तो बहुधा गाऊट, म्हणजे युरिक आम्लाचा विकार असतो. तथापि ऐन दुखण्यात रक्तातील या आम्लाचे प्रमाण साधारणही निघू शकते.

याहून अधिक काळजीची गोष्ट म्हणजे न दुखणारा पाय. दीर्घकाळच्या मधुमेहात प्रथम तळपायाची आग होते, मुंग्या येतात आणि पुढे संवेदनाच लोपते. चप्पल निसटली तरी कळत नाही, खिळा रुतला तरी कळत नाही. जखम चिघळून पाय कापण्याची वेळ येते. कुष्ठरोगातही घोट्याच्या आतील बाजूची नस बिघडून असाच बधिरपणा येतो. मिरजेच्या रिचर्डसन कुष्ठरोग रुग्णालयामुळे या भागाला त्याची जुनी ओळख आहे. काटा रुतल्यानंतर कित्येक महिन्यांनी शेतकऱ्याच्या पायावर न दुखणाऱ्या गाठी येऊन त्यांतून कण वाहू लागले, तर ते ‘मदुरा पाय’ या रोगाचे लक्षण असते. तो बुरशीचा आहे की जिवाणूचा, हे तुकडा तपासूनच ठरते. कारण दोहोंची औषधे वेगळी आहेत.

बधिरपणा ओळखण्यास दहा ग्रॅम दाबाला वाकणारा नायलॉनचा धागा पुरतो. रुग्णाने डोळे मिटायचे आणि स्पर्श कोठे झाला ते सांगायचे. प्राथमिक आरोग्य केंद्रांत तीस वर्षांवरील व्यक्तींची मधुमेहासाठी तपासणी होते. कुष्ठरोगावरील औषधे शासकीय केंद्रांत विनामूल्य मिळतात. पुढील तपासणीसाठी साताऱ्याचे जिल्हा रुग्णालय आणि मिरजेचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. दुखणे नेमके कोठे, दिवसाच्या कोणत्या वेळी आणि किती दिवसांपासून आहे, हे रुग्णाने सांगावे. जाताना रोजच्या चपला बरोबर न्याव्यात. तळ कोणत्या बाजूने झिजला आहे, यावरून पायावरील भार कोठे पडतो याचा डॉक्टरांना अंदाज येतो.