परदेशी अभ्यासदौरा : दिवसा पाहणे, रात्री राहणे

राधानगरी धरणावर शाळेची सहल आली की मुले सात स्वयंचलित दरवाजे मोजतात, फोटो काढतात, डबा खातात आणि एसटीत बसतात. धरण पाहून होते. पण पावसाळ्यात दरवाजे उघडले की भोगावतीकाठच्या घरात काय धावपळ होते, ते या सहलीत कळत नाही. त्यासाठी त्या घरात मुक्काम करावा लागतो. परदेशी अभ्यासदौऱ्याची आखणी याच विचाराने होते : दिवसा स्थळभेटी, रात्री एखाद्या कुटुंबात मुक्काम. वसतिगृहातील मुले अशा दौऱ्यांविषयी विचारू लागली आहेत आणि त्यांच्या पालकांना काळजी वाटते ती मुक्कामाचीच, म्हणून हा लेख.

कोल्हापूरला परदेशी दौऱ्याची जुनी ओळख आहे. 1870 मध्ये छत्रपती राजाराम महाराज विलायतेला गेले, तेव्हा ते अवघे वीस वर्षांचे होते. त्यांनी रोजनिशी ठेवली होती. परतीच्या वाटेवर इटलीतील फ्लॉरेन्स शहरी ते आजारी पडले आणि 30 नोव्हेंबर 1870 रोजी वारले. आर्नो नदीच्या काठी त्यांच्यावर हिंदू पद्धतीने अंत्यसंस्कार झाले. तिथे त्यांचे स्मारक आहे आणि जवळच्या पुलालाही त्यावरूनच नाव पडले आहे. रोजनिशी 1872 मध्ये पुस्तकरूपाने निघाली. महाराजांनी खूप पाहिले, पण ते स्वतःच्या लवाजम्यासह राहिले. राजाचा दौरा तसाच असणार. परक्या घरात पाहुणा म्हणून राहून शिकण्याची पद्धत पुढे साठेक वर्षांनी रुजली.

अमेरिकेतील डोनाल्ड वॉट यांनी 1932 मध्ये ‘एक्सपेरिमेंट इन इंटरनॅशनल लिव्हिंग’ हा उपक्रम सुरू केला आणि थोड्याच काळात विद्यार्थी यजमान कुटुंबांत राहू लागले. पहिल्या महायुद्धात रुग्णवाहिका चालवणाऱ्या ‘एएफएस’ या संस्थेनेही 1947 पासून विद्यार्थ्यांची देवाणघेवाण सुरू केली. रोटरीच्या वर्षभराच्या कार्यक्रमात तर विद्यार्थी सहसा एकाहून अधिक कुटुंबांत राहतो.

यजमान घर हे लॉज नव्हे. आपले अंथरूण आपण आवरायचे, जेवणानंतर ताट उचलायचे, उशीर होणार असेल तर कळवायचे. हे आपल्या मुलांना शिकवावे लागत नाही; घरी ती याहून अधिक कामे करतात. अडचण येते ती बोलण्याची. भूक लागली, थंडी वाजते, हे अन्न चालत नाही, असे सांगायला आपली मुले लाजतात आणि यजमानांना वाटते, सारे ठीक आहे. म्हणून फॉर्ममध्ये आहार, आजार आणि औषधे खरीखुरी लिहावीत. घर जमले नाही तर संयोजकाला सांगून बदलून मागता येते. त्यात उपकार विसरल्यासारखे काही नाही. मुलगी जाणार असेल तर घरात कोण कोण राहते, झोपायची सोय कशी आहे आणि रात्री-अपरात्री फोन कुणाला करायचा, हे पालकांनी आधीच विचारून घ्यावे. असे विचारल्याने कोणी रागावत असेल तर तो दौराच नको.

आणखी एक गोष्ट. जेवणाच्या टेबलावर पहिल्याच दिवशी प्रश्न येतो : तुझे गाव कसे आहे, घरी काय करतात? शहरात शिकायला गेलेली आपली कितीतरी मुले पाड्याचे नाव घ्यायचे टाळतात. परदेशात गावाबद्दल विचारतात ते बहुधा कुतूहलाने. नाचणी कशी पेरतात, जंगलातून काय आणतात, बोलीत काय म्हणतात, हे सांगता येणारा मुलगा तिथे पाहुणाही असतो आणि शिक्षकही. याची तयारी इंग्रजीच्या तयारीइतकीच करावी. स्थळभेटींचेही तसेच. धरण किंवा कारखाना पाहताना उंची-क्षमतेचे आकडे कोणीही देईल. इथे आधी कोण राहत होते आणि ते आता कुठे आहेत, हा प्रश्न आपल्या मुलाला सुचायला हवा.

पुढे उच्च शिक्षणासाठी जायचे असेल तर केंद्राच्या आदिवासी कार्य मंत्रालयाची राष्ट्रीय परदेशी शिष्यवृत्ती आहे. वर्षाला 20 जागा असतात. त्यांतील 3 कातकरी, कोलाम, माडिया गोंड यांसारख्या विशेष असुरक्षित आदिवासी गटांसाठी आहेत. देशभरातून 20 म्हणजे फार थोड्या, हे खरेच.

अनेकांचे घोडे अडते ते कागदांपाशी. शाळेच्या दाखल्यावर एक नाव, आधारवर दुसरे, जन्मतारीख तिसरीच. पासपोर्ट तिथेच अडतो आणि जात पडताळणीलाही वेळ लागतो. म्हणून मुलगा नववीत असतानाच हे सारे कागद शेजारी शेजारी ठेवून ताडून पाहावेत. नावातला एखादा काना-मात्रा दुरुस्त करायलाही तालुक्याला चार खेपा पडतात.