पाळकाचे पाचारण

ख्रिस्ती धर्मसेवेत येणाऱ्या माणसाला ‘पाचारण झाले’, म्हणजेच देवाचे बोलावणे आले, असे म्हणतात. मार्ककृत शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायात येशूने या बोलावण्याचा हिशेब सांगितला आहे. त्याच्यासाठी घरदार, आईबाप, मुलेबाळे, शेतीवाडी सोडणाऱ्याला याच जन्मी शंभरपट मिळेल, पण त्यासोबत छळही वाट्याला येईल.

या सेवेचे दोन मुख्य मार्ग आहेत. रोमन कॅथलिक पंथाचे धर्मगुरू सामान्यतः अविवाहित राहतात आणि बिशपांची आज्ञा पाळण्याचे वचन देतात. येशूसंघासारख्या संघांत दारिद्र्याचे व्रतही असते. प्रॉटेस्टंट पाळकाला संसार करता येतो. उपदेश, बाप्तिस्मा, प्रभुभोजन, लग्ने, अंत्यविधी, आजाऱ्यांची विचारपूस अशी मंडळीची सगळी कामे तो पाहतो. मात्र त्याच्या त्यागाची झळ बायकामुलांनाही बसते.

रेव्हरंड नारायण वामन टिळक यांच्या आयुष्यात हे ठळकपणे दिसते. रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे 1861 मध्ये एका चित्पावन ब्राह्मण कुटुंबात त्यांचा जन्म झाला. 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्या काळी धर्मांतर केलेल्या माणसाला जात आणि गोतावळा दोन्हींना मुकावे लागे. टिळकांनी हे जाणूनबुजून पत्करले, पण पत्नी लक्ष्मीबाईंना त्यात निवड नव्हती. लहानग्या मुलाला, दत्तूला, घेऊन त्या काही वर्षे नातेवाइकांच्या आश्रयाने राहिल्या. पुढे त्या नगरला पतीकडे आल्या, तरी त्यांनी सोवळेओवळे लगेच सोडले नाही. जातिभेद मनातून गेल्यावरच 1900 मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

टिळक नगरला अमेरिकन मराठी मिशनच्या सेवेत होते. 1904 मध्ये त्यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली. पगार बेताचा आणि हात सढळ, त्यामुळे महिन्याची तोंडमिळवणी लक्ष्मीबाईंनाच करावी लागे. दारी येणाऱ्या निराश्रितांचे करणेही त्यांच्याकडेच असे. ‘स्मृतिचित्रे’ या आत्मकथनात त्यांनी ही ओढाताण कुरकुर न करता, मिश्कीलपणे सांगितली आहे.

टिळकांचा शेवटचा त्याग संस्थेचा होता. ख्रिस्ती धर्माने इथे परदेशी पेहरावात वावरू नये, असे त्यांना वाटे. 1917 मध्ये त्यांनी मिशनची पगारी सेवा सोडली आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ उभा करायला घेतला. बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या, दोन्ही प्रकारच्या ख्रिस्तभक्तांना त्यात जागा होती. ते काम मूळ धरण्याआधीच 9 मे 1919 रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले.

अशा आयुष्याला फळ कोणते? पाळकाला पद किंवा पैसा फारसा मिळत नाही. लोक आपली दुःखे, पापांची कबुली आणि मरणाची भीती त्याच्यापुढे मोकळी करतात, आणि त्यांचा तो विश्वास हीच त्याची मिळकत असते. इतरांना धीर देता देता त्याची स्वतःची श्रद्धाही कसाला लागते. टिळकांना याशिवाय आणखी एक गोष्ट लाभली. वारकरी संतांचा अभंग त्यांच्या हाती ख्रिस्तभक्तीची भाषा झाला. तुकोबांच्या सेतूवरून आपण ख्रिस्तापाशी आलो, अशीच त्यांची धारणा होती.

लक्ष्मीबाईंच्या वाट्याला आलेले फळ वेगळे होते. औपचारिक शिक्षण न मिळालेल्या या बाईने टिळकांनी अर्धवट ठेवलेले ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य पुढे नेले. त्यांची ‘स्मृतिचित्रे’ मराठी आत्मचरित्रांत अग्रस्थानी गणली जातात. शुभवर्तमानातल्या शंभरपटीचा अर्थ इथे उलगडतो: सुटलेले घर जसेच्या तसे परत मिळत नाही, पण नाते जुळलेल्या माणसांची संख्या वाढत जाते. टिळकांची गीते आजही मराठी मंडळ्यांच्या उपासनेत गायिली जातात.