शीड उभारण्याआधी परतीचा विचार

कयाक म्हणजे एक-दोन माणसांनी बसून दोन्ही टोकांना पाते असलेल्या वल्ह्याने चालवायची लांबट, अरुंद होडी. कोकणच्या सहलीत आपल्या मुलांनी ती पाहिलेली असते. तिच्यावर छोटे शीड लावले तर हात न दुखवता वारा पुढे नेईल, ही कल्पना कोणत्याही तरुणाला भुरळ घालणारीच आहे. आपल्या अक्कलकोट तालुक्यात बोरी नदीवर कुरनूर धरण आहे. पाणी दिसले की पोरांचे पाय तिकडे वळतात. या हौसेला आमचा विरोध नाही. पण आम्ही रुग्णसेवा केलेली माणसे, म्हणून आधी वाऱ्याबद्दल बोलतो.

२१ मे २०२४ च्या संध्याकाळी याच सोलापूर जिल्ह्यातील उजनी जलाशयात, कळाशी ते कुगाव या मार्गावर, वादळी वाऱ्यात प्रवासी बोट उलटली. सहा जणांचा जीव गेला. त्या बोटीला शीड नव्हते. कयाक तर त्याहून कितीतरी हलकी आणि अरुंद. शीड लावले की वाऱ्याला धरायला आयती जागा मिळते. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की शिडावरचा दाब चौपट होतो.

म्हणून पहिल्यांदा शीड लावताना एवढे पाळा :

१. धरणात होडी घालायची परवानगी आहे का, ते आधी विचारा. एकट्याने जाऊ नका. फिट येणाऱ्याने तर मुळीच नाही.

२. लाइफ जॅकेट अंगात घालून सगळे पट्टे आवळा. पोहता येणाऱ्यानेही.

३. आधी शिडाविना, कमरेएवढ्या पाण्यात होडी मुद्दाम उलटवा. बाहेर निघणे आणि पुन्हा चढणे जमले, तरच पुढे जा.

४. वारा काठाकडून आत वाहत असेल, लाटांवर पांढरा फेस दिसत असेल किंवा वळवाचे ढग दाटले असतील, तर त्या दिवशी शीड नको.

५. आधी वल्हे मारत वाऱ्याच्या समोर जा, परतताना शीड उघडा. दमलात तरी वारा घराकडेच आणील.

६. शिडाची दोरी हातात धरा, होडीला बांधू नका. झोत आला की सोडून द्या. शीड फडफडेल आणि जोर ओसरेल.

७. होडी उलटली तर तिला धरून राहा.

कुणी बुडत असेल तर भावनेच्या भरात उडी टाकू नका. काठावरून दोरी, साडी, बूच लावलेला रिकामा कॅन फेका. बाहेर काढलेल्या माणसाला उलटे टांगू नका, पोट दाबून पाणी काढत बसू नका. त्यात लाखमोलाची मिनिटे जातात. १०८ ला फोन करायला सांगा. श्वास चालू नसेल तर नाक धरून तोंडाने श्वास द्या. मग छातीच्या मधोमध, मिनिटाला १०० ते १२० या गतीने ३० वेळा जोरात दाबा, पुन्हा दोन श्वास द्या. मदत येईपर्यंत हेच चालू ठेवा. श्वास चालू असेल तर कुशीवर झोपवा. तो शुद्धीवर आला, बोलू लागला, तरी दवाखान्यात न्याच.

वस्तीतील प्रत्येक घरात निदान एकाला तरी हे करता आले पाहिजे. मुलगा पाण्यावर जातो म्हणाला, तर त्याला अडवण्याआधी एवढेच विचारा : वारा कुठून आहे, आणि परत कसा येणार?